पुलाच्या अलीकडे

आयर्लंडच्या सीमेवरच्या किलाड्रीनला दूध मिळत नाही. गाई भरपूर आहेत, माणसांपेक्षा जास्तच, पण दुकान नाही. दुकान पुलापलीकडे, आणि पुलापलीकडे दुसरा देश, ब्रिटनचा उत्तर आयर्लंड. मधला ओढा एवढासा, की त्यात एखादी म्हैस बसली तर पाणी अडून राहील. पलीकडे गेलं की रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते, युरोचे पौंड होतात आणि फोन उगाचच स्वागताचा मेसेज पाठवतो. बाकी गवत तेच, चिखल तोच. गावातली माणसं दिवसातून दोनदा देश बदलतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

वाटलं ते एकट्या बाळासाहेब नाटेकरांना. सावंतवाडीचे बाळासाहेब म्हणजे जमीन मोजणी खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. भावाभावांच्या भांडणात साखळी टाकायची आणि हद्दीचे दगड रोवायचे, हे त्यांचं काम. लेकीकडे आयर्लंडला आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी पुलावर जाऊन त्यांनी हद्दीचा दगड शोधला. तो काही सापडला नाही. मग कठड्यापाशी उभं राहून त्यांनी जाहीर केलं, “व्हिसा आयर्लंडचा आहे. मी पलीकडे येणार नाही.”

“अहो बाबा, इथे कोण्णी विचारत नाही,” शर्वाणी म्हणाली. शर्वाणी त्यांची एकुलती एक मुलगी, सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. आधी पोर्टलीशला होती, आता इकडे सीमेवर.

“विचारत नाहीत, म्हणजे परवानगी आहे असं होत नाही.”

झालं. जावई अनीश त्यांना गमतीने ‘आमचे सीमेवरचे जवान’ म्हणू लागला. घरून लॅपटॉपवर अथलोनच्या कंपनीचं काम करता करता खिडकीतून त्याला ते दिसत: निळं जाकीट, डोक्यावर माकडटोपी, हात पाठीमागे बांधलेले. रोज संध्याकाळी नात स्वराली दूध आणायला निघाली की आजोबा तिच्याबरोबर पुलापर्यंत जात, तिथे थांबत आणि सांगत, “मी इथेच आहे. तू ये.” नऊ वर्षांची ती पोर “ग्रँड, आजोबा!” असं इथल्या पद्धतीचं ‘बरं’ म्हणून दुसऱ्या देशात पळायची आणि दूध घेऊन परत यायची. मग दोघं मिळून घरी. तिथे आजी, अलकनंदाबाई, चहा टाकून वाट बघत असायच्या.

गेल्या वर्षी थंडी सुरू होताना, असेच थांबलेले असताना ते कठड्यावर बसले ते उठलेच नाहीत. शेजारचे पॅकी मॅकह्यू गाई वळवून येत होते, त्यांनी पाहिलं. ॲम्ब्युलन्स येऊन गेली, शर्वाणी हॉस्पिटलातून धावत आली, पण डॉक्टर लेकीलाही करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अस्थी घेऊन अलकनंदाबाई सावंतवाडीला गेल्या. पुतण्याने दहावं केलं. तिथी मागेपुढे झाल्या होत्या, पण परदेशचं मरण म्हणून भटजींनी सवलत दिली. कावळ्यांनी मात्र दिली नाही. नदीकाठचं झाड कावळ्यांनी भरलेलं, आणि एकही पिंडाजवळ येईना. पुतण्या म्हणाला, काकीला सांभाळीन. नारळीच्या बागेकडे बघीन. शर्वाणीला माहेर तोडणार नाही. कावळे आपले वर बसून ओरडत होते. ऊन चढलं, माणसं चुळबुळायला लागली, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. अलकनंदाबाई परतताना सगळ्यांच्या मागून चालल्या. ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याचं काय राहिलंय हे आपल्याला माहीत नाही, याची त्यांना लाज वाटली.

वर्षभर ती लाज घेऊनच त्या जगल्या. मग शर्वाणीचा फोन आला. तिला पर्थला नोकरी मिळाली होती, जानेवारीत सगळे ऑस्ट्रेलियाला चालले होते, घर सोडायचं होतं. “आवरायला येशील का गं? तेवढंच आपलं एकत्र राहणं होईल.” अलकनंदाबाईंनी कोकमं, पोहे आणि मालवणी मसाला बांधला आणि आल्या.

आल्या त्याच दिवशी, अंधारायच्या थोडं आधी, स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्या भांडी पुसत होत्या. समोर शेत, शेतापुढे ओढा, ओढ्यावर पूल. आणि पुलाच्या अलीकडच्या टोकाला निळं जाकीट.

हात पाठीमागे बांधलेले. तोंड पलीकडे.

त्या घाबरल्या नाहीत. रागावल्या. वर्षभर एकटीसाठी कुकर लावायची सवय करता करता इकडे जीव अर्धा झाला, आणि हा गृहस्थ इथे आरामात उभा! तशाच ओल्या हातांनी चपलांवर त्या शेताच्या कडेकडेने निघाल्या. पुलाशी पोहोचल्या तेव्हा तिथे कोणी नव्हतं. पाण्याचा आवाज तेवढा होता. परत येऊन खिडकीतून पाहिलं तर पुन्हा उभे. मग मात्र त्यांना रडू आलं, आणि शर्वाणीने विचारल्यावर त्यांनी कांद्याचं नाव सांगितलं. कांदा त्या दिवशी चिरलाच नव्हता.

शर्वाणीला सांगायची सोय नव्हती. गेल्या वर्षी झोप लागत नाही म्हटल्यावर तिने गोळ्या दिल्या होत्या. बाबा पुलावर दिसतात म्हटलं असतं, तर तिने तिकीट रद्द करून आईला डब्लिनच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं असतं. मायाच ती, पण काही वेळा माया ऐकून घेत नाही.

ऐकून घेतलं ते पॅकी मॅकह्यूंनी. सत्तरी उलटलेला हा शेजारी अंडी द्यायला म्हणून आला, चहाला बसला, आणि अलकनंदाबाईंची नजर खिडकीकडे जाते आहे हे पाहून सहज म्हणाला, “युअर मॅन दिसला वाटतं तुम्हाला. मला वाटलंच.”

अलकनंदाबाई पोस्टात नोकरी केलेल्या, कामापुरतं इंग्रजी येत होतं. तरी त्यांना वाटलं आपण चुकीचं समजलो. “तुम्हाला दिसतात?”

“दिसतात तर. तो एकटाच नाहीये तिथे,” पॅकी म्हणाला, आणि त्याने दूध घातलेला चहा शांतपणे ढवळला. “हे घर जॉन्स्टन लोकांचं होतं. शंभर वर्षांमागे ही रेघ आखली, तेव्हा त्यांना वाटलं आपण चुकीच्या बाजूला पडलो. गाडीवर खाटा घालून निघाले पलीकडे. आणि त्याच संध्याकाळी तिकडून माझी आजी येत होती. तिचं घर तिकडे जाळलं होतं. दोन्ही गाड्या पुलावर समोरासमोर. कोणीच कोणाला वाट देईना. शेवटी जॉन्स्टनबाई खाली उतरली, माझ्या आजीच्या हातात या घराची किल्ली दिली आणि म्हणाली, खाट होती त्या कोनाड्यात कोंबडी अंड्यांवर बसली आहे, तिला हलवू नका.”

“मग?”

“नाही हलवली. पिल्लं निघाल्यावर आजीने अर्धी टोपलीत घातली आणि पुलाच्या मधोमध ठेवून आली. सकाळी टोपली रिकामी होती. पुढे दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. दोघी मेल्या आपापल्या जागी. आता दोघी पुलावर असतात. जॉन्स्टनबाई इकडे बघत, माझी आजी तिकडे बघत. जिथून निघाली तिकडेच तोंड करून.”

गावाचं पुढचं त्याने थोडक्यात सांगितलं. पॅकीचा बाप सोडला तर आजीची बाकी मुलं अमेरिकेला गेली. मधल्या दंगलींच्या काळात ब्रिटिश सैनिकांनी पूल उडवला, वीस वर्षं रस्ता गवतात गेला. घरं रिकामी पडली, शाळेला कुलूप लागलं. मग पूल पुन्हा बांधला, आणि माणसं आली ती भलतीच. मांसाच्या कारखान्यात ब्राझीलची, युद्धातून युक्रेनची, हॉस्पिटलात तुमची. शाळा पुन्हा भरली. “आणि आता तुम्हीही चाललात,” पॅकी म्हणाला. “राहतात ते पुलावरचे. काही करत नाहीत बिचारे. उभे असतात. सवय होते.”

अलकनंदाबाईंना सवय करून घ्यायची नव्हती. जानेवारीत हे घर रिकामं होणार. मग तिथे आपलं म्हणायला कोण? उभा जन्म सावंतवाडीच्या बाहेर न राहिलेला माणूस, दोन परक्या बायकांच्या मधे, कायमचा थंडीत उभा. ह्यांना इथून घेऊन जायचं, त्यांनी ठरवलं.

कसं न्यायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या सासूबाईंनी एकदा केलं होतं. सासूबाईंचा धाकटा भाऊ बेळगावच्या इस्पितळात वारला, पिंडाला कावळा शिवला नाही, तेव्हा त्या घरचे तांदूळ आणि नारळ घेऊन एसटीने बेळगावला गेल्या. इस्पितळाच्या फाटकाशी त्याला नात्याने हाक मारली, घरी चल म्हटलं, आणि वळल्या त्या वळल्या. येताना कंडक्टरकडे दोन तिकिटं मागितली आणि शेजारची जागा रिकामी ठेवली. एकदा हाक मारली की घरचा उंबरठा येईपर्यंत मागे बघायचं नाही आणि कोणाला सांगायचं नाही. बघितलं, तर मागचा माणूस जिथे असेल तिथेच राहतो.

पण एक कोडं त्यांना सुटत नव्हतं. पॅकीच्या म्हणण्याप्रमाणे पुलावरची माणसं आपल्या मूळ घराकडे तोंड करून असतात. बाळासाहेबांचं पलीकडे काय होतं? दुधाचं दुकान?

“पॅकी,” दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, “ते गेले तेव्हा स्वराली कुठे होती?”

पॅकीने कप खाली ठेवला. “दुकानातच. तिला ते दिसू नये म्हणून मी माझ्या मुलाला गाडी घेऊन पाठवलं. तो तिला लांबच्या रस्त्याने, वरच्या पुलावरून घेऊन आला. लहान पोर. बरोबरच केलं ना आम्ही?”

“बरोबरच केलंत,” अलकनंदाबाई म्हणाल्या. म्हणजे ती परत आलेली बाळासाहेबांनी पाहिलीच नाही. मी इथेच आहे, तू ये, असं म्हणून ते थांबले होते, आणि अजून थांबले होते. शब्दाला जागणारा माणूस, दुसरं काय करणार? भटजींनी, पुतण्याने, सगळ्यांनी बागेची आणि माहेराची वचनं दिली. पोर घरी पोहोचली, एवढं एक सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं.

स्वरालीही तेव्हापासून त्या पुलावरून पायी गेली नव्हती. गाडीतून जायची, तेही मान खाली घालून. अलकनंदाबाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा आधी ती जाकिटाची चेन वरखाली करत राहिली. मग तिच्या त्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत भडाभडा सांगितलं, की दुकानातल्या मांजराला पिल्लं झाली होती, ती बघत बसली, म्हणून उशीर झाला. लवकर आली असती तर आजोबा गेले नसते.

“वेडी आहेस,” अलकनंदाबाई म्हणाल्या. “आजोबांना पिल्लांचं आधी सांगितलं असतंस, तर ते म्हणाले असते, बसून घे अजून थोडं. उद्या आपल्या दोघींना एक काम आहे. माझ्यासाठी दूध आणशील? मी पुलाशी थांबते.”

पोर त्यांच्याकडे बघत राहिली. “ऑन फूट?”

“पायी.”

दुसरा दिवस अलकनंदाबाईंच्या परत निघायचा होता. विमान दुपारचं, बॅगा दाराशी. सकाळी धुकं एवढं होतं की पुलाचा पलीकडचा अर्धा भाग दिसतच नव्हता. अलकनंदाबाईंनी ओटीत गावाहून आणलेले तांदूळ घेतले, पिशवीत नारळ घेतला. स्वराली पुलाच्या मध्यावर थबकली, मागे वळून तिने आजीकडे पाहिलं आणि मग धुक्यात शिरली.

अलकनंदाबाई कठड्याशी एकट्या उभ्या होत्या. एकट्या नव्हत्या, हे त्यांना कळत होतं. उजव्या अंगाला गारवा जास्त होता आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. माकडटोपी भिजली की तसाच यायचा. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. वेळ गेला. दुधाला काही एवढा वेळ लागत नाही. आपण पोरीला पाठवून चूक केली की काय, असं वाटून त्यांचं काळीज धडधडायला लागलं, आणि त्यांना कळलं की हे वर्षभर असेच उभे आहेत. याच धडधडीत.

मग पावलं वाजली. धुक्यातून आधी लाल टोपी आली, मग दुधाचा कॅन, मग सगळी स्वराली. पूल ओलांडून ती अलीकडे आली आणि, कोणी सांगितलं नव्हतं तरी, कठड्याकडे बघून म्हणाली, “आयॅम बॅक, आजोबा.”

शेजारी कोणीतरी सुस्कारा सोडला. ओढा असेल, असं अलकनंदाबाईंनी स्वतःला सांगितलं, पण ओढ्याचा आवाज त्या ओळखत होत्या. त्यांनी नातीला पुढे पळायला सांगितलं. ती दिसेनाशी झाल्यावर कठड्यावर तांदूळ ठेवले, नारळ पाण्यात सोडला, आणि घरच्या मालवणीत, जी या देशात त्या दोघांखेरीज कोणी बोलत नव्हतं, म्हणाल्या, “अहो, इली मा ती? आता चला घराक. माझ्या पाठसून येवा. मी मागे बघूचंय नाय.”

आणि घराकडे वळल्या.

गाडीत त्या पुढे बसल्या. अनीश मागच्या सीटवर बॅग टाकायला लागला, तर म्हणाल्या, “तिथे नको. रिकामं राहू दे.” त्याने हसून बॅग डिकीत कोंबली. समोरच्या झडपेला आरसा होता, तो त्यांनी वर करून टाकला. आरशातलं बघणं धरतात की नाही हे सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, कारण एसटीत आरसा फक्त ड्रायव्हरला असतो. डब्लिनपर्यंत स्वराली मागून बडबडत होती आणि अलकनंदाबाई काचेतून समोर बघत उत्तरं देत होत्या. शेवटी पोरीने दोन सीटांच्या मधून हात पुढे केला. त्यांनी न वळता तो धरला आणि विमानतळ येईपर्यंत सोडला नाही.

विमानतळावर शर्वाणीने मिठी मारली. “आई, आम्ही पर्थला जातोय म्हणून रागावली नाहीस ना? सकाळपासून धड बघतसुद्धा नाहीयेस कोणाकडे.”

“नाही गं बाळा.”

“नक्की? तिकडून लगेच येणं नाही व्हायचं गं. दोन वर्षं तरी सुट्टी नाही मिळणार.”

अलकनंदाबाईंचं वय त्या दोघींनाही माहीत होतं. अलकनंदाबाईंनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पोटभर पाहून घेतला. भुवईवरची लहानपणची खूण, कानामागचा पांढरा होत चाललेला केस, सगळं. स्वरालीने कमरेला मिठी घातली. “यू'ल वेव्ह फ्रॉम द पिलर, आज्जी? लाइक लास्ट टाइम?”

गेल्या वर्षी, अस्थी हातात असतानासुद्धा, त्यांनी तपासणीच्या आधीच्या त्या जाड खांबापाशी वळून हात केला होता, पोर दिसेनाशी होईपर्यंत. नाही म्हणायला तोंड उघडेना. कारण सांगायची मुभा नव्हती. त्यांनी नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि आत शिरल्या.

रांग पुढे सरकत होती. खांब आला.

“आज्जी!”

त्या थांबल्या नाहीत.

“आज्जी! टर्न अराउंड! आज्जी!” आवाज आधी हसरा होता. मग त्यात रडं मिसळलं. मग शर्वाणीचा आवाज आला, “आई! अगं आई, इकडे बघ ना एकदा!” रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कोणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावून सांगितलं, की मागून तुम्हाला बोलावताहेत. त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हातही वर करवत नव्हता. तो हात वर गेला, तर त्याच्यामागे मान वळेल.

त्यांना भीती स्वतःची कमीच होती. भीती होती ती बाळासाहेबांची. ज्या आवाजासाठी ते वर्षभर थंडीत उभे राहिले, तो आवाज मागून रडत हाका मारत होता. ते वळले असतील का? आत्ता, या क्षणी, हात पाठीमागे बांधून, त्या पोरीकडे तोंड करून उभे राहिले असतील का, या परक्या विमानतळावर, जिथे हद्दीचा दगडही नाही?

“पोचली ती,” अलकनंदाबाई पुढे बघत पुटपुटल्या. “आईबापाजवळ आहे ती. तुम्ही चला.”

उत्तर आलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात असल्या बोलण्याला त्यांनी कधी उत्तर दिलंच नव्हतं. नुसते मागोमाग यायचे. समोरच्या माणसाने ट्रे पुढे सरकवला, अलकनंदाबाईंनी त्यात पर्स ठेवली, शाल ठेवली, आणि चालत राहिल्या. मागे लेकीचा हात किती वेळ वर होता आणि कधी खाली आला, हे त्यांनी पुढे फोनवर कधी विचारलं नाही.